वऱ्हाडचा प्रदेशाभ्यास

वऱ्हाडचा प्रदेशाभ्यास : वऱ्हाड या भूप्रदेशातील आधुनिक समाज व संस्कृती यांचा इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र, भाषाविज्ञान, वाङ्मय व धर्म अशा अनेक विद्याशाखांच्या साहाय्याने केलेला एकत्रित अभ्यास. एका विद्याशाखेची पद्धती घेऊन ती निरनिराळ्या समाजांना लावण्याऐवजी एक प्रदेश निवडून त्याच्या आकलनासाठी सर्व संबंधित विद्याशाखांची मदत घ्यावयाची, हे प्रदेशाभ्यासाचे मुख्य तत्त्व होय. जगातील अनेक विद्यापीठांत हा अभ्यास पदव्युत्तर पातळीवर शिकविला जातो. त्या प्रदेशाची एक भाषा शिकणे, त्याचा इतिहास व समाजरचना यांचा परिचय करून घेणे आणि मर्यादित विषयावर प्रबंधिका लिहिणे, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते.

ही अभ्यासशाखा दुसऱ्या महायुद्धानंतर संघटित स्वरूपात पुढे आली. लंडन येथील पौर्वात्य विद्यांची संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली होती. तथापि तिचा आरंभीचा भर साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकविण्यावर होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये दक्षिण आशियाच्या प्रदेशाभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमाने अमेरिकन विद्यापीठांतील परदेशी भाषांच्या अध्यापनास शासकीय द्रव्यबळ मिळवून दिले. पश्चिम जर्मनीत हायड्लबर्ग येथे १९६२ मध्ये दक्षिण आशिया संस्था सुरू झाली. भारतात याच सुमारास आफ्रिका, रशिया, आग्नेय आशिया इ. प्रदेशांच्या अभ्यासाची केंद्रे विद्यापीठांतून निघू लागली. भारतीय विद्यापीठांत प्रदेशाभ्यास म्हणजे परदेशाचा अभ्यास, असा अर्थ रूढ झाला. त्यामुळे भारताच्याच एखाद्या विभागाचा या पद्धतीने अभ्यास होणे मागे पडले. वऱ्हाडच्या बाबतीत तर त्याविषयीचे ज्ञान प्रथम राज्यकर्त्यांनी, नंतर स्थानिक संशोधकांनी आणि त्यानंतर परदेशी विद्यापीठांनी अशा तीन टप्प्यांत गोळा केले. या टप्प्यांत कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते राहून गेले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

प्रदेश व त्याच्या सीमा : उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर व त्यांच्या माथ्यावरील बालाघाट आणि या दोहोंमध्ये पूर्णा नदीच्या काळ्या कसदार मातीचे खोरे म्हणजे पयानघाट, अशी वऱ्हाडची नैसर्गिक विभागणी आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ४६,००० चौ. किमी. असून त्यात अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांचा समावेश होतो. वाशीम हा जिल्हा अकोला जिल्ह्यातून १९९८ मध्ये वेगळा करण्यात आला. अचलपूर (एलिचपूर) ही इमादशाहीची राजधानी होती. अकबराच्या काळात वऱ्हाड हा मोगलांचा सुभा झाला आणि त्याच्या सरकारांचा व महसुलाचा तपशील आईन-इ-अकबरीत नोंदविला गेला. पुढे निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलाखाली हा प्रदेश होता. १८०३ मधील आडगाव व गाविलगड येथील लढायांनंतर भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील अंमल संपुष्टात आला.

हैदराबादच्या फौजेच्या खर्चासाठी निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायम भाडेपट्ट्याने घेण्यात आले आणि १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला. १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. एका शतकात वऱ्हाडची गणना अशी हैदराबाद, मध्य प्रांत, मुंबई व महाराष्ट्र या चार चौकटींत झाली. प्रत्येक चौकटीची दप्तरे निराळी आणि राजधानीही निराळी होती. म्हणून वऱ्हाडच्या अभ्यासकाला हैदराबाद, नागपूर, मुंबई व लंडन येथील कागदपत्रे चाळावी लागतात. शिवाय वऱ्हाड हा विदर्भाचा एक भाग असला, तरी विदर्भ म्हणजे वऱ्हाड नव्हे. नागपूर विभागात मालगुजारी पद्धती होती, तर वऱ्हाडात १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी पद्धती लागू झाली. या एका भेदामुळे दोन्ही विभागांतील जमीनधारणा, सावकारी व ग्रामीण नेतृत्व यांना वेगवेगळी वळणे लागली.

राज्यकर्त्यांचे ज्ञान : वऱ्हाडची पहिली पद्धतशीर जनगणना १८६७ मध्ये झाली. तीत लोकसंख्या सुमारे २२ लाख भरली. पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर ॲल्फ्रेड लायल (१८३५–१९११) यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. इतिहास, जमीन, पिके, जाती, देवस्थाने, यात्रा व बाजार यांची माहिती एकाच ग्रंथात देणारे हे या प्रदेशाचे पहिले आधुनिक वर्णन होय. लायल यांनी वऱ्हाडातील धर्माचारांवर स्वतंत्र निबंधही लिहिला आणि तो त्यांच्या एशियाटिक स्टडीज (१८८२) या ग्रंथात समाविष्ट झाला. शेंदूर फासलेला दगड, वीराचे किंवा सतीचे स्थान, साधूची समाधी यांपासून देव कसे घडत जातात, याची निरीक्षणे त्यांनी वऱ्हाडातील खेड्यांत केली होती. हिंदू धर्म हा केवळ प्राचीन ग्रंथांत सापडणारा नसून लोकांच्या व्यवहारात सतत घडत असलेला धर्म आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. ग्रंथावर विसंबणाऱ्या तत्कालीन पौर्वात्यविद्येला हे मोठेच आव्हान होते. धर्माच्या तौलनिक अभ्यासात वऱ्हाडचे नाव यूरोपीय विद्वानांपुढे आले, ते या निबंधामुळे.

त्यानंतर यूस्टेस किट्स यांनी १८८१ च्या वऱ्हाडच्या जनगणनेचा अहवाल लिहिला. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी बोलीचे नमुने व व्याकरणविशेष देण्यात आले. अकोला जिल्ह्याचे गॅझेटिअर १९१० मध्ये व अमरावतीचे १९११ मध्ये निघाले. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. हे सर्व लेखन कारभाराच्या गरजेतून निर्माण झाले होते. जमाबंदी किती बसवावी, कापूस किती निघेल, कोणत्या जातीचे लोक कोठे राहतात, हे त्यातील मुख्य प्रश्न होते. माहिती विपुल होती. परंतु जिच्याविषयी ती गोळा केली गेली, ती रयत या लेखनात बोलत नव्हती. जातींच्या गुणदोषांविषयीची ठाम विधाने आणि त्यांची उतरंड लावण्याची प्रवृत्ती हेही या लेखनाचे दोष होत. पुढील अभ्यासकांना त्यातील नोंदी पारखून घ्याव्या लागल्या.

कापूस व दुष्काळ : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अकस्मात जागतिक मागणी आली. याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग वऱ्हाडातून जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावला फाटा मिळाला. सरकी काढण्याचे जीन व गाठी बांधण्याचे प्रेस अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा येथे उभे राहिले. आडते, दलाल व सावकार यांची साखळी तयार झाली. कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. तो भारतातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा करण्यात आला. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ मध्ये अन्य प्रांतांपुढे वऱ्हाडच्या या व्यवस्थेचे उदाहरण ठेवले. तथापि बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व होते; माल पिकविणाऱ्याला तीत स्थान नव्हते.

वऱ्हाड हा ‘सोन्याचा प्रांत’ अशी त्याची ख्याती याच काळात झाली. परंतु १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी तिची दुसरी बाजू उघड केली. १८९१ मध्ये २८.९७ लाख असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये २७.५४ लाखांवर आली. संपन्न म्हणून नावाजलेल्या प्रांतात माणसे अन्नावाचून व साथींनी का मेली, हा वऱ्हाडच्या आधुनिक इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका विद्याशाखेला देता आलेले नाही. महसुलाचे आकडे पाहणाऱ्यास लागवडीचे वाढते क्षेत्र दिसते. व्यापाराचे आकडे पाहणाऱ्यास निर्यात दिसते. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात (१९९७) या आकड्यांच्या जोडीला गायराने, जंगले, गुरे, पाणवठे व धान्यसाठे यांचा विचार केला. कापसाने ज्वारीचे क्षेत्र आक्रमिले, राखीव जंगलांमुळे चराईचे हक्क आकुंचित झाले, पेवांतील धान्याचा साठा घटला आणि शेतकरी बाहेरून येणाऱ्या धान्यावर व उसनवारीवर अवलंबून राहिला. म्हणून पाऊस हुकताच संकट ओढवले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याउलट लोहमार्ग व बाजार यांमुळे दुष्काळाचा धोका हळूहळू कमी झाला, असा पक्ष मिशेल मॅकॲल्पिन यांनी मुंबई इलाख्याच्या संदर्भात १९८३ मध्ये मांडला होता. पीटर हार्नेटी यांनी १८६० नंतरच्या दशकातील कापसाची निर्यात व शेती यांच्या संबंधाचे विवेचन केले, तर स्वेन बेकर्ट यांच्या कापसाच्या जागतिक इतिहासात (२०१४) वऱ्हाडातील घडामोडींना लँकेशर व अमेरिकेच्या जोडीने स्थान मिळाले. या मतभेदांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बाजाराचे जाळे आणि उपासमार ही दोन्ही एकाच वेळी एकाच खेड्यात होती. ती का होती, हे समजण्यासाठी अर्थशास्त्र, पर्यावरणाचा इतिहास व ग्रामीण समाजरचना यांचा एकत्र विचार करावा लागतो.

स्थानिक संशोधन : विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून वऱ्हाडातील विद्वानांनी आपल्या प्रदेशाचा अभ्यास स्वतः हाती घेतला. यादव माधव काळे यांचा वऱ्हाडचा इतिहास १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गॅझेटिअरमधील माहितीवर न थांबता त्यांनी फार्सी तवारिखा व मराठी कागदपत्रे यांचाही उपयोग केला. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभावीय मराठी वाङ्मय (१९२५) हा ग्रंथ लिहिला व शारदाश्रम या संस्थेच्या द्वारे हस्तलिखितांच्या संशोधनास चालना दिली. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते आणि म्हाइंभटाने लीळाचरित्राची सिद्धता तेराव्या शतकाच्या अखेरीस याच ठिकाणी केली. पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपींत असल्याने त्या दीर्घकाळ बाहेरच्या जगास अज्ञात होत्या. वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सकळ लिपीची उकल केल्यावर मराठी गद्याच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. [⟶ महानुभाव पंथ].

बुलढाणा जिल्ह्यातून आलेले विष्णु भिकाजी कोलते (१९०८–९८) यांनी महानुभाव वाङ्मयाचे संशोधन आयुष्यभर केले. त्यांनी संपादिलेली लीळाचरित्राची संहिता १९७८ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या साहित्य-संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात (स्थापना १९२३) संस्कृतचे अध्यापन करणारे हिरालाल जैन यांनी कारंजा येथील जैन भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे लक्ष वेधले. सावयधम्मदोहा (१९३२) व पाहुडदोहा (१९३३) हे त्यांनी संपादिलेले ग्रंथ कारंजा येथील मालेतून निघाले. त्यानंतर धवला टीकेसह षट्खंडागम या ग्रंथाचे प्रकाशन त्यांनी १९३९ पासून अमरावतीहून सुरू केले. कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले कारंजा हे हस्तलिखितांचेही आगर होते, ही गोष्ट बाजाराच्या इतिहासकाराला व धर्माच्या अभ्यासकाला सारखीच महत्त्वाची आहे. कारण भांडारे राखणारा समाज व्यापारीच होता.

या संशोधकांपैकी बहुतेकांनी वकिली किंवा अध्यापन सांभाळून हे काम केले. त्यांचा कल प्राचीन व मध्ययुगीन काळाकडे होता. आपल्या प्रांताला स्वतःचा इतिहास आहे, हे सिद्ध करण्याची निकड त्यामागे होती. समकालीन खेडे, मजुरी, कर्ज, जातिसंबंध हे विषय मात्र त्यांच्या कक्षेत क्वचितच आले. ती उणीव काही अंशी ललित वाङ्मयाने भरून काढली. उद्धव शेळके यांची धग (१९६०), मनोहर तल्हार यांची माणूस (१९६३) आणि पुढे सदानंद देशमुख यांची बारोमास (२००२) या कादंबऱ्यांतून वऱ्हाडातील कष्टकरी कुटुंबाचे जे चित्र येते, ते तत्कालीन समाजशास्त्रीय पाहण्यांत आढळत नाही. वऱ्हाडी बोली ही विनोदापुरती नसून दुःख व विचार व्यक्त करण्यास समर्थ आहे, हेही या लेखनाने दाखविले.

सामाजिक चळवळी : वऱ्हाडच्या आधुनिक समाजाची घडण समजण्यासाठी तेथील चळवळींचा अभ्यास अपरिहार्य ठरतो. राष्ट्रीय सभेचे अधिवेशन १८९७ मध्ये अमरावतीस सी. शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. दादासाहेब खापर्डे व रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे अमरावतीचे पुढारी अखिल भारतीय राजकारणात वावरले. सत्यशोधक विचारांचा प्रसार विसाव्या शतकात वऱ्हाडातील बहुजन समाजात झाला. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठातून वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली आणि परत आल्यावर १९३२ मध्ये अमरावती येथे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातील प्रवेशासाठी १९२७ मध्ये अस्पृश्यांनी चळवळ केली व त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी कीर्तनातून स्वच्छता, शिक्षण व अंधश्रद्धानिर्मूलन यांचा पुरस्कार केला. तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांनी मोझरी येथील गुरुकुंज आश्रमातून ग्रामसेवेचा विचार मांडला. भजन-कीर्तनाच्या परंपरेतून समाजसुधारणा, शिक्षणसंस्थांतून राजकीय नेतृत्व आणि मंदिरप्रवेशाच्या लढ्यातून समतेची चळवळ, असे तीन प्रवाह येथे दिसतात. हे प्रवाह परस्परांत कोठे मिसळले व कोठे दूर गेले, हे धर्मशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या एकट्या अभ्यासकाला सांगता येत नाही.

परदेशी विद्यापीठांतील अभ्यास : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाड हा दक्षिण आशियाच्या व विशेषतः महाराष्ट्राच्या अभ्यासाचा भाग म्हणून परदेशी विद्यापीठांत पोहोचला. लंडन येथे मराठीचे अध्यापन करणारे इअन रेसाइड यांनी महानुभाव ग्रंथांची सूची १९६० मध्ये प्रसिद्ध केली. ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव पंथाच्या सूत्रपाठावर काम केले आणि गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. शं. गो. तुळपुळे यांच्या सहकार्याने त्यांनी सिद्ध केलेला जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये निघाला. नॉर्मन झाईड यांनी मेळघाट व सातपुड्याच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या कोरकू भाषेवर १९६० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध सादर केला. त्याच विद्यापीठात एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकर व महार समाजाची चळवळ या विषयावर १९६९ मध्ये प्रबंध लिहिला. गेल ऑम्वेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडातील १९१९ ते १९३९ या काळातील बदलत्या राजकीय नेतृत्वाचा अभ्यास डी. ई. यू. बेकर यांनी १९७९ मध्ये मांडला. महाराष्ट्राच्या समाज व संस्कृतीवरील आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका १९८४ मध्ये टोराँटो येथून सुरू झाली आणि विविध विद्याशाखांचे अभ्यासक तीत एकत्र येऊ लागले.

या अभ्यासाने दोन महत्त्वाच्या गोष्टी साधल्या. भाषा शिकून, खेड्यापाड्यांत राहून व पोथ्या वाचून केलेल्या संशोधनाची शिस्त त्याने घालून दिली. तसेच वऱ्हाडातील एखादा विषय जागतिक चर्चेत आणला. परंतु त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पुणे हे अमेरिकन अभ्यासकांचे मुख्य ठाणे होते. अमेरिकन भारतविद्या संस्थेचे कार्यही १९६१ मध्ये पुण्यातच सुरू झाले. परिणामी महाराष्ट्र म्हणजे प्राधान्याने पश्चिम महाराष्ट्र, असे चित्र तयार झाले व वऱ्हाड कडेला राहिले. दुसरे असे, की हे लेखन इंग्रजीत असून त्याचे बरेचसे ग्रंथ महागडे आहेत. ज्या रिद्धपूरविषयी, कारंजाविषयी किंवा मेळघाटाविषयी ते लिहिले गेले, तेथील वाचकापर्यंत ते फारसे पोहोचले नाहीत. ज्ञान मिळविणारा व ज्याच्याविषयी ज्ञान मिळविले तो, यांच्यातील अंतर इंग्रज अंमलाबरोबर पूर्णतः नाहीसे झाले नाही.

भाषांचा प्रश्न : वऱ्हाडचा अभ्यास केवळ प्रमाण मराठीच्या आधारे करता येत नाही. ग्रामीण भागात वऱ्हाडी बोली प्रचलित आहे. अचलपूर, बाळापूर, अकोला, अमरावती इ. गावांत उर्दूची जुनी परंपरा आहे. व्यापारी कुटुंबांत मारवाडी व गुजराती बोलल्या जातात. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील भाषा असून मराठीशी तिचे कुलसंबंध नाहीत. मेळघाटात १९७३–७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला व पुढे १९९३ मध्ये तेथील बालमृत्यूंकडे देशाचे लक्ष गेले. जंगलावरील हक्क, आहार, आरोग्यसेवा व शाळेची भाषा हे तेथील प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. कोरकू माता आपल्या बाळाच्या आजाराचे वर्णन कोणत्या शब्दांत करते, हे ज्या वैद्यकीय कर्मचाऱ्यास कळत नाही, त्याची सेवा अपुरी पडते. येथे भाषाविज्ञान व सार्वजनिक आरोग्य ही शास्त्रे एकमेकांची गरजू ठरतात.

असमतोल व शेतीचे संकट : वऱ्हाडविषयक ज्ञानाचा थेट संबंध शासकीय निर्णयांशी येतो, हे विकासाच्या अनुशेषाच्या वादातून दिसून आले. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये आपला अहवाल सादर केला. राज्यातील सुमारे ३,१८७ कोटी रुपयांच्या अनुशेषापैकी सुमारे ३९ टक्के विदर्भाचा आहे, असे तिने दाखविले. विदर्भाकडे एक एकक म्हणून पाहिल्याने मात्र वऱ्हाडातील सिंचनाच्या उणिवेची तीव्रता पुरेशी प्रकट झाली नाही. पुढे इतर बाबींतील अनुशेष घटल्यानंतरही अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांत सिंचनाचा अनुशेष दीर्घकाळ टिकून राहिला. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील भूजल खारे असल्याने ते पिण्यास व शेतीस निरुपयोगी ठरते. मृदाशास्त्र, जलविज्ञान, आरोग्य, स्त्रियांचे पाण्यासाठीचे श्रम व स्थलांतर या सर्वांचा विचार केल्याशिवाय त्या पट्ट्यातील जीवन समजत नाही. अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (पुढे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) या जमिनींवर संशोधन केले आहे, परंतु कृषिविद्या व सामाजिक शास्त्रे यांची गाठ तेथेही क्वचितच पडते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा प्रश्न अत्यंत दारुण स्वरूपात पुढे आणला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास अहवाल सादर केला. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या वतीने श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये राज्य शासनासाठी अभ्यास केला. बी. बी. मोहंती यांनी अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतील आत्महत्यांचे समाजशास्त्रीय विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध केले. जुलै २००६ मध्ये वऱ्हाडातील पाच व वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना पंतप्रधानांनी जाहीर केली. अर्थशास्त्रज्ञांनी कर्ज, कापसाचा भाव व कोरडवाहू शेतीतील जोखीम यांवर भर दिला. समाजशास्त्रज्ञांनी प्रतिष्ठा, मुलींच्या विवाहाचा खर्च, एकाकीपण व गावातील तुटलेले आधार यांकडे लक्ष वेधले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. केवळ कर्ज हे कारण मानल्यास कर्जमाफी हा उपाय ठरतो. केवळ मनःस्थिती हे कारण मानल्यास समुपदेशन हा उपाय ठरतो. कारणांची मांडणी जशी होईल, तसा सार्वजनिक निधीचा विनियोग होतो आणि मागे राहिलेल्या कुटुंबाला मदत मिळावयाची की नाही, हेही त्याच मांडणीवर ठरते. म्हणून अभ्यासपद्धतीचा प्रश्न येथे केवळ विद्यापीठीय उरत नाही.

पदव्युत्तर शिक्षण : वऱ्हाडातील महाविद्यालये १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी दीर्घकाळ संलग्न होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्यास संत गाडगे बाबा यांचे नाव देण्यात आले. त्यामुळे या प्रदेशाच्या अभ्यासाला प्रथमच जवळचे विद्यापीठीय केंद्र लाभले. मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ रिद्धपूर येथे २०२४ मध्ये सुरू झाले. महानुभाव वाङ्मयाच्या जन्मभूमीतच ते असल्याने हस्तलिखिते, बोली व लोकपरंपरा यांच्या अभ्यासास तेथे अनुकूल वातावरण मिळू शकेल. विद्यापीठांतील पदव्युत्तर शिक्षण प्रायः विषयवार विभागलेले असते. इतिहासाचा विद्यार्थी महसुलाचे आकडे वाचावयास शिकत नाही, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास मोडी वाचता येत नाही आणि मराठीच्या विद्यार्थ्याचा उर्दू किंवा कोरकू भाषेशी परिचय होत नाही. वऱ्हाडचा प्रदेशाभ्यास उभा राहावयाचा, तर मोडी, फार्सी वा उर्दू यांपैकी एकीचे व वऱ्हाडी किंवा कोरकू यांपैकी एकीचे शिक्षण, दप्तरांतील काम व एका गावात किंवा बाजारपेठेत प्रदीर्घ क्षेत्रकार्य यांची सांगड घालावी लागेल.

मूल्यमापन : वऱ्हाडविषयीचे लेखन प्रमाणाने थोडे नाही. गॅझेटिअरे, जनगणना, पोथ्यांच्या संहिता, प्रबंध, समित्यांचे अहवाल व कादंबऱ्या मिळून ते एका मोठ्या ग्रंथालयास पुरेल एवढे आहे. मात्र ते वेगवेगळ्या हेतूंनी, वेगवेगळ्या भाषांत व परस्परांच्या नकळत झाले. लायल यांनी नोंदविलेली ग्रामदैवते आणि सत्या यांनी नोंदविलेली नष्ट होणारी गायराने एकाच शिवारातील होती. कारंजाचा बाजार व कारंजाची ज्ञानभांडारे एकाच पेठेतील होती. पण ती एकत्र वाचली गेली नाहीत. एकेकाळी कापसाच्या संपन्नतेची आकडेवारी दुष्काळाची चाहूल झाकण्यास कारण झाली. विभागाच्या सरासरीखाली तालुक्याची तहान झाकली जाणे हा त्याच दोषाचा नंतरचा आविष्कार होय. प्रदेशाभ्यासाचे सामर्थ्य अशी झाकली गेलेली बाजू वेळेवर उघड करण्यात आहे. हा अभ्यास वऱ्हाडात, वऱ्हाडातील भाषांतून व तेथील विद्यार्थ्यांच्या हातून जितका होईल, तितकी त्याची उपयुक्तता वाढेल.